या राजे, या!

बुटाचं जे काही उरलं होतं ते दाराशीच पडलं होतं. टाच शाबूत, जीभ गायब आणि पुढचा भाग ओलाचिंब. फोरमनने तो बूट दोन बोटांत धरून उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम गोड झाला. हा गोडवा घरातल्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला. आतल्या खोलीत मुलगी पुस्तकाचं पान उलटता उलटता थांबली.

"या राजे, या!" फोरमन अगदी मऊ आवाजात म्हणाला. "असे लाजता काय? या, या, इकडे या."

सोफ्याखालून भोपळ्या बाहेर आला. पिवळसर, गोलमटोल, स्वतःच्याच पंजांना अडखळणारं लॅब्राडोरचं पिल्लू ते! आपल्याला कोणी इतक्या प्रेमाने बोलावतंय याचा त्याला एवढा आनंद झाला, की शेपटीबरोबर त्याचं मागचं सगळं अंगच हलत होतं. तो धावत आला आणि त्याने फोरमनच्या पायावर हनुवटी टेकली. फोरमनने त्याची मान धरली, नाक बुटावर दाबलं आणि गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र फाडकन पाठीत घातलं. पिल्लू कळवळून ओरडलं.

"आता लक्षात राहील," फोरमन म्हणाला.

लक्षात राहिलंच. फक्त नेमकं काय लक्षात राहिलं, हे फोरमनला कळायला फार उशीर झाला.

हा फोरमन बसच्या डेपोतल्या कारखान्यात काम करायचा. दिवसभरात ज्या गाड्या दुरुस्तीला येत, त्यांचे ब्रेक, चाकं, सांधे सगळं त्याच्या देखरेखीखाली व्हायचं. माणूस कामाचा पक्का, वेळेचा पक्का, कोणाच्या चहाचाही मिंधा नाही. पण त्याची एक रीत होती. त्याच्या टेबलासमोर जमिनीवर एक पिवळी रेघ मारलेली होती. कोणाची चूक सापडली की फोरमन ओरडत नसे. तो खुर्चीत मागे रेलून साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणे, "या साहेब, या!" मग त्या माणसाने हातातलं काम टाकून त्या रेघेवर उभं राहायचं आणि सगळ्या कारखान्यादेखत फोरमनने त्याची सालं काढायची. फोरमनचं आडनाव भलतंच होतं, पण त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'गोडबोले' म्हणत.

घरात पिवळी रेघ नव्हती, एवढाच काय तो फरक. मुलीला गणितात कमी गुण पडले की "या बाईसाहेब, या!" बायकोकडून काही राहून गेलं की "या महाराणी, या!" सगळ्या पदव्या आमच्याकडे अशाच वाटल्या जातात, नाही का? ज्याला घरात काडीची किंमत नाही, त्याला आपण राजे म्हणतो.

पिल्लू आणलं बायकोने. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. दुकानाच्या मालकिणीच्या कुत्रीला पिल्लं झाली, मुलीने हट्ट धरला आणि एका संध्याकाळी टोपलीतून भोपळ्या घरी आला. फोरमनने आधी नाक मुरडलं, मग जाहीर केलं, "ठीक आहे. पण वळण मी लावणार. तुम्ही दोघी लाडावून ठेवाल. अख्ख्या कारखान्याला सरळ केलंय मी, हे वितभर कुत्रं काय चीज आहे!"

मुलगी म्हणाली, "बाबा, पुस्तकात लिहिलंय, की पिल्लू झोपून उठलं की आणि खाणं झालं की लगेच बाहेर न्यायचं. आणि दात येत असताना त्याला चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यायचं."

"पुस्तकं वाचून कुत्री वळणाला लागत नाहीत," फोरमन म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

मग व्हायचं तेच झालं. भोपळ्याने चटईवर शू केली, "या राजे." उशी फाडली, "या राजे." पडद्याच्या दोरीशी झुंज घेतली, "या राजे, या!" पहिले काही दिवस ते वेडं पिल्लू प्रत्येक वेळी येत होतं. पुढे ते मध्येच थांबू लागलं. मग जिथे असेल तिथेच अंग चोरून बसू लागलं. शेवटी तर फोरमनचा आवाज गोड झाला, की ते धुलाईयंत्राच्या मागच्या सांदीत शिरायचं, ते झाडूच्या दांड्याने ढकललं तरच बाहेर निघायचं.

"हे बहिरं आहे," फोरमनने निदान केलं. "मालकिणीने खोटं नाणं गळ्यात मारलं."

म्हणून एका सुटीच्या सकाळी ते तिघं भोपळ्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई वयाने मोठ्या, केस आखूड कापलेले आणि हातांवर मांजरांनी काढलेली नक्षी. त्यांनी भोपळ्याला टेबलावर घेतलं, कानांत दिवा घालून पाहिलं आणि मग त्याच्या पाठीमागे उभं राहून बिस्किटांच्या डब्याचं झाकण हळूच उघडलं. भोपळ्या असा गर्रकन वळला, की टेबलावरून पडता पडता वाचला.

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले."

"मग हाक मारली की येत का नाही?"

"आला की काय होतं?"

"काय होतं म्हणजे?"

"शेवटचा आला होता, तेव्हा काय झालं?"

फोरमन जरा घुटमळला. "बूट खाल्ला होता त्याने. दिली एक."

"बूट कधी खाल्ला?"

"दुपारी कधीतरी. मी कामावर होतो."

"आणि दिली कधी?"

"घरी आल्यावर. बोलावून."

"म्हणजे असं बघा," डॉक्टरबाई भोपळ्याच्या कानामागे खाजवत म्हणाल्या. "बूट खाल्ला, मजा आली. झोपला, छान झोप लागली. मग तुम्ही गोड बोलून हाक मारलीत, तो बिचारा पळत आला आणि मार बसला. सांगा बरं, तो काय शिकला?"

कोपऱ्यात पट्टा धरून उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "यायचं नाही."

फोरमनने तिच्याकडे पाहिलं. तिने लगेच मान खाली घातली.

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चूक करताना दिसला तर तिथल्या तिथे 'नाही' म्हणा, तोंडातलं काढून घ्या, त्याच्या हक्काचं खेळणं द्या. पण स्वतःच्या पायांनी तुमच्यापर्यंत आला, तर त्याला कधीही मारू नका. घर जाळून आला असला तरी नाही! आणि आता तो घाबरलाय, तर हाक मारूच नका. खाली बसा, अंग वळवून, त्याच्याकडे न बघता. वाट बघा. येईल."

"म्हणजे मी कुत्र्यापुढे जमिनीवर बसायचं?" फोरमन हसला.

"उंची कमी होत नाही हो त्याने," डॉक्टरबाईही हसल्या.

पण फोरमनला ते हसणं झोंबलं. बाहेर पडताना तो बायकोला म्हणाला, "दोन-चार लाडिक पुस्तकं वाचलेली दिसतायत बाईंनी. चूक ती चूक. तिला शिक्षा नको तर काय आरती ओवाळायची?" बायको काही बोलली नाही. ती बरेचदा काही बोलत नसे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फोरमनचा चष्मा हरवला.

तो चष्मा म्हणजे त्याचा जीव की प्राण. काळ्या विणलेल्या दोरीने गळ्यात अडकवलेला असायचा. सुट्या भागांवरचे बारीक आकडे त्याच्याशिवाय वाचता येत नसत. एका रविवारी झोपताना त्याने तो काढून ठेवला आणि उठून पाहतो तर नाही! घर पालथं घातलं. उशा, कपाटं, कपड्यांचे खिसे. मग तो खुर्चीत बसला आणि त्याचा आवाज गोड झाला.

"या बाईसाहेब, या. चष्मा पाहिलात?"

"नाही," मुलगी दारातूनच म्हणाली.

"महाराणींनी?"

"मी नाही पाहिला," बायको म्हणाली. "मिळेल कुठेतरी. दोन दिवस थांबा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याला वाटलं, चष्मा शनिवारी टेबलावरच राहिला असणार, आणि त्याची नजर गाड्या धुणाऱ्या म्हाताऱ्यावर पडली. शनिवारी तोच टेबल पुसायला आला होता. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला. "या साहेब, या!" म्हातारा ओल्या हातांनी रेघेवर येऊन उभा राहिला. "चष्मा काय भावाने गेला, साहेब?" फोरमनने विचारलं. "चांगला गेला असेल, दोरीसकट होता."

"मुलाबाळांची शपथ, मी हात नाही लावला," म्हातारा म्हणाला. त्याची हनुवटी थरथरत होती. कोणी हसलं नाही, कोणी त्याची बाजूही घेतली नाही. पुढचे काही दिवस तो कामाला आला, पण फोरमनच्या टेबलाकडे फिरकला नाही.

आणि त्याच आठवड्यात भोपळ्याने खाणं सोडलं.

वाचकहो, ज्याने लॅब्राडोर पाळलाय त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. जे जनावर भिंतीचा पोपडाही चाटून बघतं, ते उकडलेल्या कोंबडीकडे पाठ फिरवून पडलं तर समजावं, की काहीतरी फार बिघडलंय. आधी उलट्या झाल्या. घरात सगळे म्हणाले, अपचन असेल. दुसऱ्या सकाळी तो दिसेनाच. तो धुलाईयंत्राच्या मागे होता. नाक कोरडं, पोट टणक आणि डोळे अर्धे मिटलेले.

फोरमन घाबरला. खोटं कशाला सांगा, त्यालाही त्या गोळ्याचा लळा लागला होता. कोणी बघत नसताना तो त्याच्या पोटावरून हात फिरवायचा. तो वाकून म्हणाला, "ये रे. ये, बाळा. ये ना." आणि या वेळी आवाजातला गोडवा अगदी खरा होता. पण भोपळ्याला खरा गोडवा आणि खोटा गोडवा यांतला फरक कोणी शिकवला होता? तो अंगात त्राण नसताना आणखी मागे सरकला, भिंतीला चिकटला आणि भीतीने जागच्या जागी ओला झाला. शेवटी यंत्रच ओढून बाजूला करावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं, एक्स-रे फोटो काढला, जिभेखाली पाहिलं. मग हातमोजे काढत त्या तिघांकडे वळल्या. आज त्या हसत नव्हत्या.

"आतडी फुगलीयेत, पण फोटोत वस्तू काही दिसत नाही. कापड, रबर, दोरा हे फोटोत दिसत नाहीतच बहुतेकदा. आता मला नीट सांगा, याने काय गिळलंय?"

"काही नाही," फोरमन म्हणाला. "म्हणजे, आम्हाला माहीत नाही."

"मग ऐका. साधं अपचन असेल, तर सलाईन लावून वाट बघता येईल. पिल्लू इतकं गळालंय, की त्याला उगाच भूल देऊन पोट उघडलं तर ते टेबलावरच जाईल. पण आत दोरीसारखं काही असेल, तर वाट बघणं म्हणजे मरण. दोरी आतड्यांना चुण्या पाडते आणि मग कापत जाते. दोन्हींपैकी काय आहे, हे मला कळलंच पाहिजे. आत्ता!"

भोपळ्याच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. बायको पिशवीचा बंद बोटांना गुंडाळत होती. मुलगी वजनकाट्यापाशी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

फोरमनच्या ते लक्षात आलं. काळजीने आधीच त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्या काळजीचं रूपांतर रागात व्हायला काय वेळ! आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून तेच निघालं, अगदी मऊ, साखरेत घोळलेलं:

"या बाईसाहेब, या! तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे वाटतं. या इकडे."

मुलगी एक पाऊल मागे सरली. तिची पाठ औषधांच्या कपाटाला टेकली, खांदे आत वळले आणि ती त्या कपाटाला अशी चिकटली, जशी...

फोरमनला दिसलं! सकाळी धुलाईयंत्रामागे त्याने हेच पाहिलं होतं. हेच डोळे, हेच अंग चोरणं! ती त्याच्या मारापासून नव्हे, त्याच्या हाकेपासून मागे सरत होती. आयुष्यात त्याने मुलीवर कधी हात उगारला नव्हता आणि याचा त्याला अभिमान होता. पण ही पोर त्याला घाबरते, कुत्र्याइतकीच घाबरते, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

टेबलावर भोपळ्या कण्हला.

"साहेब," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरात खरं सांगणाऱ्याचं काय होतं?"

फोरमन भिंतीला धरून खाली बसला. दवाखान्याच्या त्या ओल्या, औषधाचा वास मारणाऱ्या फरशीवर, कामावरच्या कपड्यांत, मांडी घालून बसला. मुलीपासून अंग वळवून, तिच्याकडे न बघता. आणि कधी नव्हे तो साध्या आवाजात म्हणाला, "मी काही बोलणार नाही. आज नाही, घरी गेल्यावर नाही, कधीच नाही. माझं चुकलं."

कोणीच हललं नाही. त्याला तिला पुन्हा बोलवावंसं वाटलं, जीभ तोंडात वळवळली, पण त्याने दात आवळून धरले. वाट बघणं इतकं अवघड असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग मुलीच्या पावलांचा आवाज आला. ती त्याच्याकडे आली नाही. ती त्याला वळसा घालून डॉक्टरबाईंकडे गेली आणि त्यांच्या कोटाची बाही धरून म्हणाली, "दोरी. बाबांच्या चष्म्याची दोरी. शेवटचं टोक त्याच्या तोंडातून लोंबत होतं. मी ओढलं, पण त्याने गिळलं. मला वाटलं, शीमधून निघून जाईल. मी रोज बघत होते... पण ती निघालीच नाही." आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

"आणि चष्मा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो मला नाही दिसला."

"तो माझ्याकडे आहे," बायको म्हणाली. "सोफ्याखाली सापडला, दांडी चावलेली. मी दुकानात नेऊन नवी दांडी बसवायला घेतली. म्हटलं, गुपचूप आणून पलंगामागे ठेवावा, यांनाच सापडू द्यावा. दोरीचा विचारच नाही केला. हिलाही विचारलं नाही. म्हटलं, पोरीला कशाला गोवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

एकीला दोरी ठाऊक होती, दुसरीला चष्मा. दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून भांडी विसळत होत्या आणि दोघींच्या तोंडाला एकाच माणसाने कुलूप घातलं होतं. पहिल्याच दिवशी कोणी एक शब्द बोललं असतं, तर दोरी वरच्यावर काढता आली असती.

"टेबल तयार करा!" डॉक्टरबाईंनी आतल्या मदतनिसाला हाक दिली आणि भोपळ्याला उचललं.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. मुलगी आईच्या पलीकडे. फोरमनला आठवत राहिला तो गाड्या धुणारा म्हातारा, त्याचे ओले हात, त्याची थरथरणारी हनुवटी. चोरी झालीच नव्हती. मग त्याला त्याहून वाईट आठवलं. मागच्या पावसाळ्यात डेपोतली एक गाडी उतारावर ब्रेक न लागून कठड्याला घासली होती. नशीब म्हणून आतली माणसं वाचली. चौकशीत प्रत्येक जण म्हणाला, "मला माहीत नाही." तेव्हा फोरमनने सगळ्यांना रेघेवर उभं करून विचारलं होतं, 'तुम्हा सगळ्यांच्या जिभा झडल्यात का?' आज त्याला उत्तर मिळालं. जिभा झडल्या नव्हत्या. कोणालातरी नक्की ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातातल्या वाडग्यात ती काळी दोरी होती, निर्जीव, गुंतलेली.

"आतड्याचा एक तुकडा काढावा लागला," त्या म्हणाल्या. "आजची रात्र निघाली तर बघू. मी खोटी आशा दाखवणार नाही."

"आमचंच चुकलं," बायको म्हणाली. "आम्ही सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मी तुम्हाला दोष देणार नाही. माणूस काय, कुत्रं काय, जिथे मार बसतो तिथे पुन्हा जात नाही. शिक्षेने चुका थांबतात असं आपल्याला वाटतं. चुका थांबत नाहीत हो, फक्त लपतात. आणि लपलेली चूक अशी आतल्या आत कापत जाते." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "चूक झाली तर ती निस्तरायला लावा, नुकसान भरून द्यायला लावा, पुन्हा शिकवा. पण सांगायला आलेल्याला आधी बसायला जागा द्या."

फोरमनने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भोपळ्या जगेल की नाही हे ठाऊक नसतानाच तो कामावर गेला. खुर्चीत बसला नाही. टेबलाला वळसा घालून तो स्वतः त्या पिवळ्या रेघेवर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. "चष्मा माझ्या घरीच होता," तो म्हणाला. "मी या काकांवर सगळ्यांसमोर चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

गाड्या धुणारा म्हातारा बादली धरून उभा होता. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि पुन्हा कामाला लागला. मनातून माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही, आणि फोरमनला ते विचारायचा हक्कही नव्हता. संध्याकाळी फोरमनने रंगाचा डबा आणून ती रेघ बुजवली. बाकीचे लांबूनच बघत होते. गोडबोल्याचं हे नवं काय सोंग, असंच बहुतेकांना वाटलं.

भोपळ्या वाचला. पोटावर टाके, अंगाची नुसती काडी, पण वाचला! मात्र घरी आल्यावरही तो फोरमनच्या वाऱ्याला उभा राहीना. फोरमन रोज कामावरून आला की स्वयंपाकघराच्या फरशीवर अंग वळवून बसायचा, शेजारी कोंबडीचे बारीक तुकडे ठेवायचा आणि गप्प राहायचा. भोपळ्या बायकोच्या पायांमागून बघायचा. तुकडे तसेच राहायचे. फोरमनला गुडघेदुखी जडली, पण त्याने बसणं सोडलं नाही. पुढे कधीतरी भोपळ्या एक तुकडा उचलून पळू लागला. आणखी पुढे जवळ उभा राहून खाऊ लागला.

कारखान्यात तर त्याहून जास्त वेळ लागला. रेघ पुसली म्हणून भीती पुसली जात नाही. बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी चाकं बसवणारा कारागीर टेबलापाशी आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, काल ती लांब पल्ल्याची गाडी सोडली ना, तिच्या मागच्या चाकाचे नट मी शेवटचे आवळले की नाही, मला आठवत नाहीये."

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर 'या साहेब' आलंच होतं! त्याने ते गिळलं. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला, आणि पुढच्या थांब्यावर फोन लावून गाडी अडवली. नट खरोखरच सैल होते. त्या गाडीत बसलेल्या माणसांना आपण कशातून वाचलो ते कधीच कळलं नाही. कारागिराने मात्र त्यानंतर प्रत्येक नट दुसऱ्याकडून तपासून घ्यायची पद्धत स्वतःहून सुरू केली.

त्या संध्याकाळी फोरमन घरी येऊन नेहमीसारखा फरशीवर बसला. त्याने हाक मारली नाही. आतल्या खोलीतून नखांची टकटक आली आणि भोपळ्या दारात उभा राहिला. त्याच्या तोंडात बूट होता. फोरमनचा नवा बूट, टाच शाबूत, जीभ गायब! मुलगी त्याच्यामागे धावत आली आणि ते दृश्य पाहून उंबऱ्यातच गोठली. बायकोने नळ बंद केला.

भोपळ्या थांबला. पुढे आला. पुन्हा थांबला. मग शेपटी जराशी हलवत, बूट तोंडात धरून, तो सरळ फोरमनपर्यंत आला आणि त्याने तो ओलाचिंब बूट त्याच्या मांडीवर ठेवला.

फोरमनचा हात वर उठला. मुलीने डोळे मिटून घेतले. तो हात भोपळ्याच्या डोक्यावर टेकला, कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

"शाब्बास," फोरमन म्हणाला. "शाब्बास रे. आलास."

तो बराच वेळ तसाच खाजवत बसला. मग मुलगी उंबऱ्यातून पुढे आली आणि त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून फरशीवर बसली. भोपळ्याच्या शेपटीशी चाळा करत ती म्हणाली, "बाबा, मलाही एक सांगायचंय. वाईट आहे."

फोरमनने बूट बाजूला ठेवला आणि सरकून तिला जागा केली.

ती काय सांगणार होती ते आपल्याला कशाला हवं? बापलेकीतली गोष्ट आहे ती. आपण एवढंच लक्षात ठेवू, की जो स्वतःच्या पायांनी आपल्यापर्यंत येतो, त्याला येण्याची शिक्षा कधीही देऊ नये. आपल्या घरात, वर्गात, कचेरीत बोलावूनही कोणी जवळ येत नसेल, तर त्याचे कान तपासायला नेण्याआधी आपण आपली हाक तपासून पाहावी.